मी खाडी धुऊन टाकली

ठाकुर्लीहून टिटवाळा, येऊर आणि ठाण्याची खाडी. यापलीकडे मी कुठे गेले नाही. रोज संध्याकाळी घरी येऊन माझ्याच अंथरुणावर झोपले. याला प्रवास म्हणायचं का, असं आमच्या मजल्यावरच्या बायकांनी विचारलं. चार दिवसांत माझी एक चप्पल गेली, रिळांची पिशवी माकडानं नेली, गुडघे सुजले आणि नातीनं माझ्याशी बोलणं टाकलं. एवढं काशीला जाऊन आलेल्यांचंही होत नाही. तेव्हा मी याला प्रवासच म्हणणार.

मयूरी माझी नात. कापडावरच्या कामाचं शिक्षण घेते. रंगवणं, छापणं, भरणं, शिवणं. शेवटच्या वर्षाला एक मोठं काम करून दाखवावं लागतं. यंदाचा विषय होता, निसर्गातून प्रेरणा. हिनं मोराचं पीस भरून नेलं. छान झालं होतं, खोटं कशाला बोलू. मॅडमनी विचारलं, मोर कुठे पाहिलास? ही म्हणाली, फोनवर. काम परत आलं. मॅडमनी सांगितलं, सोमवारी नवीन आण. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आणि स्वतःच्या हातानं शिवलेलं. फोटोवरून केलेलं मला लगेच कळतं.

माझा मुलगा म्हणाला, "या खेपेला नाही झालं ना, तर पुरे. मामाच्या दुकानात बस बिलं फाडत." तो बोलला तसं करतो. लहानपणापासून तसाच आहे.

मयूरी माझ्याजवळ येऊन बसली. "आजी, तू चल ना माझ्यासोबत. तुला शिवण्यातलं कळतं."

"मला निसर्गातलं कळत नाही."

"ते मी बघते. तू फक्त माझा फोन तुझ्या पिशवीत ठेव. आणि कितीही मागितला तरी द्यायचा नाही."

म्हणजे मी राखणदार म्हणून गेले.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. माण तालुक्यातून लग्न होऊन इकडे आले. वागळे इस्टेटमध्ये शर्टांच्या कारखान्यात बावीस वर्षं धागे कापले. वाकळी शिवायला सासूनं शिकवलं. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, कडेपासून धावदोरा घालायला सुरुवात करायची आणि चारी बाजूंनी आत आत येत मधोमध संपवायचं. दोरा ओढायचा नाही. ओढला की कापड गोळा होतं, चुण्या पडतात, पाठीला टोचतं. अशी वाकळ सासू पुरी उसवायला लावायची. मी तिला मनातल्या मनात काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण माझा हात सुधारला. साठ वर्षं झाली. या साठ वर्षांत मला कुणी विचारलं नाही की वाकळीची प्रेरणा कुठून आली. थंडी वाजत होती, तिथून आली.

बुधवार, टिटवाळा

टिटवाळ्याला उतरल्यावर आधी गणपतीला जायचं, हे मी निघतानाच सांगितलं होतं. मयूरीचं तोंड वाकडं.

"आजी, आपण कामाला आलोय."

"तुझं काम अडलंय, त्याचं नाही. पाया पड."

मग रिक्षा करून काळू नदीवर गेलो. वाटेत दोन्ही बाजूंना नुसत्या इमारती. रिक्षावाला प्रत्येक इमारतीचं नाव सांगत होता आणि प्रत्येक नावात नदी, हिरवळ नाहीतर डोंगर होता. डोंगर मागे दडले होते.

नदीला पाणी होतं. आमच्याकडे पौषात नदीला पाणी दिसलं तर लोक पोराबाळांना घेऊन बघायला जातात. इथे भरली नदी आणि कुणी ढुंकून बघत नाही. अर्ध्या पाण्यावर जलपर्णी माजली होती. मयूरी तिच्यासमोर वही घेऊन बसली.

"आजी, फोन दे. एकच फोटो. फक्त आठवण म्हणून."

"नाही."

"टाइम बघायला?"

"ऊन बघ."

असं सहा वेळा झालं. तासाभरानं तिनं वही दाखवली. मी म्हटलं, फ्लॉवरचा गड्डा चांगला आलाय. ती जलपर्णी होती. मग पुढचा तासभर ती रुसली.

तेवढ्या वेळात मी धुणं बघितलं. एक बाई खडकावर जाड चादर धूत होती. आधी नुसत्या पाण्यात बुडवून ठेवली, मळ फुगू दिला, मग साबण लावला, मग आपटली आणि पीळ घालून उन्हात टाकली. बघून बरं वाटलं. आजकाल सगळं मशिनात कोंबतात आणि वरून सुगंधी पाणी ओततात. मळ आतच राहतो, वास तेवढा बदलतो. मी त्या बाईला सांगितलं, बाई, हात चांगला आहे तुझा. ती म्हणाली, "आजी, येता का मदतीला?" दिवसभरात माझ्याशी शहाण्यासारखं बोललेली ती एकटीच.

निघताना स्टेशनाबाहेर वडापाव खाल्ला. वडा गरम होता, चटणीत मिठाशिवाय काही नव्हतं. नदीतून आम्ही काही घेऊन आलो नाही.

गुरुवार, येऊर

ठाण्याला उतरून येऊरकडे जाताना वाटेत वागळे इस्टेट लागली. माझा कारखाना होता तिथे आता काचेची इमारत आहे. बाहेर बाग केलीय आणि बागेत दगड ठेवलेत. आम्ही आत असताना बाहेर बसायला एक दगड मिळत नव्हता. मयूरीला मी ते दाखवलं. ती म्हणाली, "हो का?" बस.

येऊरचं जंगल थंडीत अर्धं वाळलेलं असतं. पाचोळ्यात पाय टाकला की कुणीतरी मागून येतंय असं वाटतं. मयूरीला सागाचं जाळीदार पान सापडलं. किड्यानं गर खाऊन शिरा तेवढ्या ठेवलेल्या.

"आजी, बघ! लेस!"

"किड्याचं उष्टं आहे ते."

"तू ना, सगळ्याची वाट लावतेस."

वाट लावायचा माझा विचार नव्हता. पान हातात घेतल्याबरोबर चुरलं, त्याला मी काय करू?

वाटेच्या कडेला एक वारली बाई टोपलीत बोरं आणि चिंचा घेऊन बसली होती. तिच्याजवळ आम्ही टेकलो. मयूरी तिच्या मागचं झाड बघत राहिली. काळपट झाड, आणि सालीला आडव्या-उभ्या भेगा पडून तिचे छोटे छोटे चौकोन झालेले. एकाला एक लागून, वरपासून खालपर्यंत.

"कसलं झाड आहे हे, मावशी?"

"ऐन हाय तो. मगरीच्या पाठीवानी दिसतो, बघ."

मयूरी माझ्याकडे वळली. "आजी, हे तर तुझ्या वाकळीसारखं आहे. ठिगळंच ठिगळं."

खरं सांगायचं तर होतं तसं. मी म्हटलं, "मग बस इथेच आणि शिव."

ती बसली. मी जुन्या लुगड्याचे तुकडे आणले होते. तिनं चौकोन कापले, एका कापडावर लावले आणि धावदोरा घालायला सुरुवात केली. मी बोरं खात बघत होते. चौथ्या टाक्याला माझं बोर तोंडातच राहिलं. पोरगी प्रत्येक टाक्याला दोरा करकचून ओढत होती. कापड गोळा व्हायला लागलं.

"दोरा सैल सोड."

"सोडलाय."

"हा सैल आहे? बैल बांधायचाय का?"

"आजी, मी शाळेपासून अशीच शिवते."

"मग शाळेपासून चुकतेस. मी कितीदा सांगितलंय तुला. सहावीत सांगितलं, दहावीत सांगितलं."

वीतभर शिवून झालं तेव्हा ते कापड म्हाताऱ्याच्या कपाळासारखं दिसत होतं. झाडाचे चौकोन कसे चापून बसलेले, आणि हिचे सगळे फुगून वर आलेले. मी ते तिच्या हातातून घेतलं, मांडीवर ठेवलं आणि उसवायला लागले. तीन ओळी उसवल्या. मयूरीनं सुई खाली ठेवली. नुसती बघत होती. ते मला तेव्हाही आवडलं नाही, पण मी थांबले नाही.

तेवढ्यात माकड आलं. माझी रिळं फरसाणाच्या पिशवीत असतात. पिशवी मजबूत असते, टाकवत नाही. माकडानं पिशवीवरचं चित्र बघितलं असणार. एका उडीत उचलून वर. मी काठी आपटली, मयूरी ओरडली, वारली बाई हसत सुटली. माकडानं फांदीवर बसून एक रीळ चावलं, थुंकलं, दुसरं चावलं, थुंकलं, आणि मग रागानं एकेक खाली फेकत सुटलं. लाल, पिवळा, निळा दोरा ऐनाच्या फांद्यांतून लोंबत राहिला.

"तुमच्या आजीनं झाडाला दोरा बांधला," ती बाई मयूरीला म्हणाली. "आता झाड नवस पुरा करतंय का बघ."

पांढरं रीळ तेवढं परत मिळालं. मी अर्धं उसवलेलं कापड पिशवीत कोंबलं आणि आम्ही परत आलो. घरी मुलानं विचारलं, "काय मिळालं?" मी म्हटलं, "बोरं."

शुक्रवार, खाडी

खाडीवर जायचं मयूरीनं ठरवलं. मी म्हटलं, तिथे वास येतो. ती म्हणाली, वास शिवायचा नाहीये.

ठाण्याला कोपरीच्या बाजूनं दुपारी खाडीवर पोचलो. ओहोटी लागली होती. पाणी लांब गेलेलं आणि मधे नुसता चिखल, काळा, चकचकीत. लांबवर गुलाबी पक्षी उभे होते, उंच पायांचे. बंधाऱ्यावर चार-पाच माणसं तोफेएवढे कॅमेरे लावून त्यांच्याकडे बघत होती. पक्षी घाणीत उभे राहून पोट भरतात आणि तरी स्वच्छ राहतात, याचं मला कौतुक वाटलं. मयूरीनं पक्ष्यांकडे बघितलंच नाही. ती चिखलाकडे बघत होती.

पाणी उतरताना चिखलावर रेघा सोडून गेलं होतं. शेकडो रेघा, एकीला एक लागून. मधेच एखाद्या खेकड्यानं त्या मोडून वाट काढलेली.

"आजी, मलमल दे."

तिनं नवी मलमल आणली होती, तीन तुकडे, पांढरेशुभ्र. मी द्यायच्या आधीच तिनं ओढून घेतले आणि बंधाऱ्यावरून खाली उतरली. मीही तिच्या मागे उतरले, कारण तिच्या आईला काय सांगणार? दोन पावलं गेले आणि उजवा पाय आत गेला. गुडघ्यापर्यंत. काढायला गेले तर दुसरा गेला.

कोपऱ्यात एक कोळीण खेकडे धरत होती. ती ओरडली, "आगो म्हातारे, तिथं नको जाव! दगडावर पाय ठेव, दगडावर!"

तिनं येऊन मला काखेत धरून ओढून काढलं. पाय आला, चप्पल राहिली. तिनं हात घालून शोधली, मिळाली नाही. "गेली ती. आता खेकडा घालील," म्हणाली. तिचं नाव हिरा. माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल, पण चिखलात घरातल्यासारखी चालते. मला तिनं बंधाऱ्याच्या दगडावर बसवलं आणि मयूरीला पाय कुठे टाकायचा ते शिकवलं.

मयूरीनं कापड चिखलावर अंथरलं, वरून तळहातानं दाबलं आणि हळूच उचललं. कापडावर रेघा उठल्या होत्या. खेकड्याची वाटसुद्धा उठली होती. दुसरं केलं, तिसरं केलं. तिसऱ्यावर तर हाताएवढी रेघांची लाट आली होती. मोराचं काम परत आल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

"हिरामावशी, बघा!"

"चिखोल हाय तो, पोरी," हिरा म्हणाली. "त्यात काय बघाचं?"

मला हिराचं पटलं. पण पोरगी हसत होती. तासभर त्या दगडावर एका चपलेनं बसून राहिले.

घरी पोचलो तेव्हा ती दमली होती. तिनं मला प्लॅस्टिकची पिशवी दिली. "आजी, हे सुकत घाल," म्हणाली आणि आंघोळीला गेली.

आता यात माझं काय चुकलं ते वाचणाऱ्यांनी सांगावं. मी पिशवी उघडली. तीन मलमली, चिखलानं लडबडलेल्या, आणि वास असा की शेजारणीनं खिडकी लावून घेतली. माझ्या दोरीवर न धुता कापड जात नाही. माझ्या काय, कुणाच्याच दोरीवर जात नाही. मी त्या बादलीत भिजत घातल्या. मळ फुगू दिला. साबण लावला. खाडीचा चिखल सहज सुटत नाही, दोनदा आपटल्या. मग नीळ दिली. पीळ घालून दोरीवर टाकल्या तेव्हा नव्यापेक्षा पांढऱ्या होत्या. मनात म्हटलं, म्हातारीच्या हातात अजून दम आहे.

मयूरी केस पुसत बाहेर आली. दोरीकडे बघितलं. टॉवेल तसाच हातात.

"आजी. रेघा कुठे गेल्या?"

"कसल्या रेघा?"

"आजी, ते माझं काम होतं. त्या चिखलावरून मी शिवणार होते. तेच द्यायचं होतं मला सोमवारी."

"तू सुकत घाल म्हणालीस."

"सुकत घाल म्हटलेलं! धू म्हटलेलं का?"

"चिखल तसाच सुकत घालतात का कुणी?"

ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. मुलगा जेवताना म्हणाला, "आई, तू मुद्दाम नाही केलंस, मला माहितीय. पण मामाला फोन करून ठेवतो." मी ताटावरून उठले. स्वतःवर चिडावं की तिच्यावर, हे ठरत नव्हतं.

शनिवार, परत खाडी

सकाळी मीच तिला उठवलं. "चल. परत दाबून आणू." ती आली, पण वाटभर बोलली नाही. मी धुतलेल्या मलमली पिशवीत घेतल्या होत्या. पायात सुनेच्या चपला, एक बोट मोठ्या.

खाडीवर पोचलो तर चिखलच नाही. काल जिथे मी रुतले तिथे पाणी, बंधाऱ्याच्या दगडापर्यंत. हिरा जाळं झाडत बसली होती.

"आता कशाला आलाव? भरती हाय. पाणी उतराला चार वाजतील."

"चारपर्यंत काय करायचं?" मी म्हटलं.

"बसाचं. मी बसते नाय?"

बसलो. मयूरी एका दगडावर, मी दुसऱ्या. दुपारी हिरानं डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. आमच्याकडे ज्वारीची भाकरी, जाड, हातावर थापलेली. हिची पांढरी, पातळ, कापडासारखी घडी पडणारी. चटणी झणझणीत होती. मयूरीनं अर्धी खाल्ली. मी तिला ठेचा दिला, तो तिनं घेतला नाही. हिरा दोघींकडे बघत म्हणाली, "भांडलाव काय?"

"हिनं माझी खाडी धुतली," मयूरी म्हणाली.

हिरा इतकी हसली की भाकरी घशात अडकली. "माझी पन धुऊन दे गो म्हातारे. लई घान झालीय."

मयूरीचे ओठ हलल्यासारखे वाटले. पण नाही.

चारनंतर पाणी उतरलं. चिखल वर आला. रेघाही आल्या, पण कालच्या नव्हत्या. मयूरी पहिली मलमल घेऊन उतरली, दाबली, उचलली. नुसता काळा डाग. दुसरी दाबली. तेच. काल चिखल थोडा सुकलेला होता, आज पातळ होता, असं हिरा म्हणाली. "सकाल-दुपार बदलतो तो. कालची रेघ आज नाय भेटाची."

मयूरी तिसरी मलमल मागायला वर आली. मी दिली नाही.

"आजी, दे."

"ही पण घाण करशील. मग काय उरलं?"

तेव्हा ती रडली. बंधाऱ्यावर बसून, गुडघ्यात डोकं घालून. दोन दिवसांचं साठलेलं. "माझं काहीच होत नाही," असं म्हणत होती. कॅमेरेवाले बघायला लागले. मला अशा वेळी काय बोलायचं ते येत नाही. तोंड पुसायला काहीतरी द्यावं म्हणून पिशवीत हात घातला. हाताला लागलं ते येऊरचं कापड, अर्धं उसवलेलं. मांडीवर काढून ठेवलं आणि रुमाल शोधायला लागले.

रुमाल शोधता शोधता माझी नजर त्या कापडावर गेली. मग चिखलावर. मग परत कापडावर.

जिथे मी उसवलं होतं तिथे कापड सपाट झालं होतं. जिथे हिचा दोरा राहिला होता तिथे चुण्या होत्या, एकीला एक लागून, मधे फुगलेल्या, टाक्याजवळ दबलेल्या. समोर चिखल तसाच होता. अगदी तसाच. पाणी जाताना चिखलाला ओढून गेलं होतं, तशी पोरगी कापड ओढत होती. तिनं ऐनाचं झाड शिवायला घेतलं होतं, आणि मी ते चुकलं म्हणून उसवत होते.

मला राग आला. कुणाचा ते माहीत नाही. सासूचाही असेल.

"मयूरी."

"काय."

"ही मलमल घे. खाली लुगड्याचा तुकडा घाल. आणि इथे बसून शिव."

"काय शिवू?"

"समोर दिसतंय ते. दोरा ओढून."

तिनं डोकं वर केलं. तिला वाटलं मी टोमणा मारते. "आता टोमणे पण?"

"टोमणा नाही. ओढ म्हटलं ना. जसा ओढतेस तसाच ओढ." आणि मी येऊरचं ते कापड तिच्यासमोर, चिखलाच्या शेजारी दिसेल असं धरलं.

ती बराच वेळ बघत राहिली. हिराही येऊन बघून गेली. "तसंच दिसतंय की," म्हणाली.

मयूरीनं सुई ओवली. रीळ पांढरंच होतं, माकडानं टाकलेलं, दातांच्या खुणांचं. पाण्याकडच्या रेघा जवळजवळ होत्या, तिथे ती बारीक टाका घालून जास्त ओढत होती. बंधाऱ्याकडे रेघा लांब होत्या, तिथे सैल सोडत होती. सैल सोडता येतं तिला, हे मला तेव्हा कळलं. खेकड्याची वाट आली तिथे तिनं दोरा तोडला आणि तेवढी जागा सपाट ठेवली. फोन तिनं एकदाही मागितला नाही. उजेड जाईपर्यंत शिवत होती. कॅमेरेवाले निघून गेले, पक्षी उडून गेले, आम्ही बसलेलो.

निघताना हिरा म्हणाली, "तुजी चप्पल वर आली तर ठेवते." अजून आलेली नाही.

रविवार आणि सोमवार, घर

रविवारी तिनं ते घरात पुरं केलं. मी समोर बसले होते. प्रत्येक टाक्याला ती दोरा ओढायची आणि माझा हात पुढे व्हायचा. तोंडही उघडायचं. सकाळी मी एकदा "अगं" म्हटलं. तिनं नुसतं बघितलं. मग मी लसूण सोलायला घेतला. सोलून संपला तेव्हा आणखी आणला. घरात अजून आठ दिवस लसूण सोलावा लागणार नाही. सून म्हणाली, "आई, तुम्ही आजारी आहात का? आज बोलत नाही ते."

सोमवारी ती कापड घेऊन गेली. मी देवापाशी बसले नाही, मला ते जमत नाही. वाकळ शिवत बसले, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा माझा टाका तिरका गेला. उसवला.

ती दुपारी आली. चपला दारात भिरकावल्या, म्हणजे चांगलं झालं असणार. पास झाली. मॅडमनी कापड हातात धरून उन्हात उलटसुलट केलं म्हणे. पाठची बाजूही बघितली. मग विचारलं, दोऱ्याचा ताण असा कमी-जास्त करणं तुला कसं जमलं? कुणी शिकवलं?

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, शिकवलं कुणी नाही. आजी एक दिवस गप्प बसली."

मुलानं मामाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. मला येऊन म्हणाला, "आई, तुझ्यामुळे झालं." मी म्हटलं, माझ्यामुळे जाणार होतं, ते लक्षात ठेव.

कापड परत आलंय. मयूरीनं ते बाहेरच्या खोलीत भिंतीवर लावलंय. येणारे-जाणारे विचारतात, हे काय? ती सांगते, खाडी. लोक मान हलवतात. मला तिथे अजून पाठीला टोचणारी वाकळच दिसते. जाता येता हात शिवशिवतो. त्या खोलीत जाताना मी कात्री स्वयंपाकघरात ठेवून जाते.